मांजरी व्याली म्हणून पिल्लं उचलू नका

दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. पाच-सहा महिने घराला कुलूप लागतं. गोठ्याच्या, कडब्याच्या आधारानं राहणारी मांजरं मागेच उरतात. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. सुमारे ६३ ते ६५ दिवसांनी, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, कुणाच्या माळवदावर किंवा साठवलेल्या कापसाच्या खोलीत पिल्लं सापडतात. लोक कळवळून मदतीला धावतात. पण ऐकीव समजुतींवर विसंबल्यामुळे चांगली जगणारी पिल्लंही हातची जातात.

सगळ्यात घातक समज म्हणजे 'आई टाकून गेली'. पिल्लं एकटी दिसली की खोक्यात घालून घरी आणली जातात. भटकी मांजरी स्वतःच्या पोटासाठी शिकारीला जाते आणि कित्येक तास परतत नाही. शिवाय माणूस जवळ उभा असेल तर ती पिल्लांपाशी येतच नाही. पिल्लांच्या भोवती ज्वारीच्या पिठाची पातळ रेघ ओढा आणि लांब जाऊन थांबा. काही तासांनी पिठात पावलं उमटलेली दिसली, तर ती येऊन गेलेली असते. पिल्लांचं पोट गोल, अंग ऊबदार आणि झोप शांत असेल तर त्यांचं नीट चाललं आहे. अंग गार पडलेलं असेल किंवा ती सारखी ओरडत असतील, तरच हात घाला.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही' हे खरं नाही. ती पिल्लू घेते. मात्र जागेवर सारखी वर्दळ झाली तर ती पिल्लं मानेला धरून दुसरीकडे हलवते. 'मांजर पिल्लांना सात घरं दाखवते' असं आपण म्हणतो, त्यामागे हेच कारण असतं. तिला सात घरांचा नवस नसतो, सुरक्षित आडोसा हवा असतो. बोका लहान पिल्लं मारतो, ही भीती मात्र खोटी नाही. म्हणून आडोशाचं तोंड अरुंद ठेवा.

गाभण मांजरीला दूध-भाकरी घातली की काम झालं, असं वाटतं. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. तिच्या हृदयाला आणि नजरेला लागणारा टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो. उकडलेलं चिकन, मासळी, अंडं द्या. कांदा-लसणाचा रस्सा मुळीच नको, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिल्लं पाजताना तिची भूक दुप्पट-तिप्पट होते. पसरट भांड्यात पाणी सावलीत ठेवा. जुनं सुती कापड घातलेलं खोकं कोपऱ्यात मांडा, पत्र्याच्या शेडखाली नको. रानटी मांजरीला पकडायला जाऊ नका. ती बोचकारेल, चावेल आणि जागा सोडून जाईल. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. मांजर व्याली ती जागा फिनाईलनं धुऊ नका. तिला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. ही दोन्ही रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि माणसाची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

अनाथ पिल्लाला गाईचं किंवा म्हशीचं दूध पाजलं की बहुतेक वेळा जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाचं पाणी भराभर कमी होतं. पशुवैद्यकाला विचारून मांजराच्या पिल्लांची दूधपावडर आणा. पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्या, दूध मग. पाजताना ते पालथंच धरा. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

उसाच्या फडात सापडलेली पिल्लं घरच्या मांजराची नसूही शकतात. रानमांजर आणि वाघाटी उसात वितात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. जुन्नर भागात वनविभाग आणि वन्यजीव संस्था अशी पिल्लं सापडल्या जागीच रात्री खोक्यात ठेवून आईच्या हवाली करतात. तोडणी थांबवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

घरात बाळाची चाहूल असली की मांजरांना पोत्यात घालून शिवेबाहेर सोडण्याची घाई होते. मांजरापासून गर्भाला बाधू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका खरा आहे, पण तो विष्ठेतून, मातीतून आणि अर्धकच्च्या मांसातून येतो. गर्भवतीनं मांजराची घाण काढू नये, मांस पूर्ण शिजवावं, हात धुवावेत, एवढं पुरतं. उपाशी मरेल अशा जागी जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग नसबंदी' या म्हणण्याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. उलट पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पिल्लंही चार-पाच महिन्यांत वयात येतात. म्हणून पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध तुटलं की मांजरीला जाळीच्या पिंजऱ्यात घ्या, नसबंदी करून घ्या आणि तिच्याच जागी परत सोडा. गावात ही शस्त्रक्रिया होत नसेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी आजच करून ठेवा. पिल्लं दोन महिन्यांची व्हायला वेळ लागत नाही.