मधोमध थांबलेला काटा

दिवाळी अंकाच्या संपादकांना परदेशस्थ मराठी माणसांच्या छंदांवर लेख हवे होते. नाटक, ढोल-ताशा, घरचा गणपती हे विषय आधीच वाटून झाले होते. उरलेल्यांत डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय गावात राहणारे एक काका होते, ते माझ्या वाट्याला आले. पुण्यात मेकॅनिकलची पदवी, मग जन्मभर मोटारींच्याच धंद्यात नोकरी, आता निवृत्त. गॅरेजमध्ये १९९६ सालची, दोनच माणसं बसतील अशी लाल माझदा मियाटा. काकांची अट एकच: "नाव छापू नकोस. हिच्यावर किती पैसे घातले ते इथल्या मंडळात कळायला नको."

गाडीचा इतिहास वाचूनच गेलो होतो. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स गाड्यांची मजा हिच्यात होती. पावसात बंद पडण्याची त्यांची खोड मात्र नव्हती. अमेरिकेत मियाटा, जपानात तेव्हा युनोस रोडस्टर, इतरत्र एमएक्स-५. हिरोशिमाच्या कारखान्यातून २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. हे सगळं मी उत्साहाने सांगायला लागलो तेव्हा काका फडक्याने हात पुसत होते. "ते राहू दे. इकडे ये, गंमत दाखवतो."

टेबलावर दोन लहान गोल तबकड्या होत्या, दोन्ही ऑइल प्रेशरच्या. एक त्यांच्याच गाडीतून काढलेली. तिच्यावर एका टोकाला 'एल', दुसऱ्या टोकाला 'एच', मध्ये आकडा नाही. दुसरी भंगारातल्या १९९२ च्या मियाटाची. तिच्यावर ०, ३०, ६०, ९० असे पीएसआयचे आकडे. बाकी काच, काटा, माप सगळं सारखं. "फरक सांग," काका म्हणाले. मी आकड्यांकडे बोट दाखवलं. "आकडे ही वरवरची गोष्ट झाली. ही पहिली गेज नाहीच. गेजचं सोंग आहे."

१९९४ पर्यंतच्या मियाटात तेलाचा दाब खरोखर मोजला जायचा. इंजिनाला एक जाडजूड सेंडर बसवलेला असे. दाब कमीजास्त झाला की त्याच्याकडून येणारा विजेचा इशारा बदले आणि त्याप्रमाणे काटा हले. १९९५ पासून सेंडर गेला आणि तिथे अंगठ्याएवढा साधा स्विच आला. दाब साधारण ५-७ पीएसआयच्या वर गेला की स्विच लागतो आणि काटा मधोमध जाऊन बसतो. मग दाब १० असो की ६०, काटा तिथून हलत नाही. लाल दिव्याने जे काम केलं असतं तेच इथे काटा करतो, फक्त रुबाब गेजचा.

कंपनीने असं का करावं? धंद्यातले लोक जे कारण सांगतात ते पटण्यासारखं आहे. खऱ्या गेजचा काटा नाचतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तेल दाट असतं, म्हणून दाब वर चढतो. तासभर चालवून सिग्नलला थांबलात की तेल पातळ झालेलं आणि पंप हळू फिरत असलेला, म्हणून काटा खाली येतो. यात बिघाड काहीच नाही. पण ग्राहक घाबरतो, शोरूममध्ये येऊन वाद घालतो आणि वॉरंटीत इंजिन उघडायला लावतो. त्यापेक्षा काटाच गप्प केलेला बरा. माझदाने हे काही शोधून काढलं नव्हतं. काकांच्या परसातल्याच फोर्डने आपल्या पिकअप ट्रकांमध्ये त्याआधी हेच केलं होतं: ६ पीएसआयचा स्विच आणि गेजमागे २० ओहमचा एक रेझिस्टर. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, याच डेट्रॉइटच्या हडसन कंपनीने गेज काढून सरळ लाल दिवाच लावला. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. दिवा निदान आपल्याला आकडे कळतात असा आव आणत नाही.

काकांनी आपल्या गाडीत अशीच एक खरी गेज बसवली आहे. "बस आत," म्हणाले आणि किल्ली फिरवली. काटा ६० च्या पुढे सरकला. गावाबाहेर फेरी मारून आलो तेव्हा इंजिन तापलेलं होतं. न्यूट्रलमध्ये काटा २० च्या आसपास रेंगाळत होता, आणि काकांनी जरासा पाय दिला की वर चढत होता. गॅरेजवाल्यांचा एक ठोकताळा आहे: दर हजार आरपीएमला १० पीएसआय दाब मिळाला तर चिंता नको. काका गाडी चालवताना रस्त्याइतकंच त्या काट्याकडे बघत होते, आणि मला खरं तर रस्त्याची काळजी वाटत होती.

ऐकायला काम सोपं वाटतं. गेज बदला, सेंडर बदला, झालं. काका हसले आणि गाडी जॅकवर चढवली.

पहिली पंचाईत डॅशबोर्डातच. सगळ्या गेज ज्यात बसवलेल्या असतात तो क्लस्टर बाहेर काढायचा तर स्टीअरिंगचा खांब सैल करून खाली घ्यावा लागतो आणि मागे हात घालून स्पीडोमीटरची केबल आंधळेपणी सोडवावी लागते. जुन्या गाडीचा अख्खा क्लस्टर उचलून बसवला तर? तसं करता येत नाही, कारण त्यात त्या गाडीचा ओडोमीटर आहे. बदललेल्या ओडोमीटरवर गाडीचे खरे मैल आणता आले नाहीत, तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तो शून्यावर आणून दाराच्या चौकटीला तशी लेखी नोंद चिकटवावी लागते. त्यामुळे एवढी एकच तबकडी हलवायची. तिच्या मागचे बारीक स्क्रू नुसते पकडायला नसतात, वीजही त्यांच्यातूनच जाते. मागच्या पातळ प्लॅस्टिकवर तांब्याच्या रेघा छापलेल्या असतात आणि स्क्रूचं डोकं त्या रेघेवर दाबून बसतं. तीस वर्षांत स्क्रू सैल होतात, रेघ काळी पडते आणि काटा मनाला येईल तसा उड्या मारतो. काका मला एका स्क्रूखाली भिंगातून बघायला सांगत होते. तिथे काळसर वर्तुळ होतं. त्यांनी पेन्सिलीच्या रबराने ते हलकेच घासलं, खालचं तांबं चमकलं. जुन्या गाडीच्या गेजबद्दलच्या कितीतरी तक्रारी एवढ्या घासण्याने मिटतात.

दुसरी पंचाईत इंजिनाखाली. सेंडरची जागा ऑइल फिल्टरच्या शेजारी, इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली. हात जातो, पण हातात पाना धरून जात नाही. जुना स्विच बारीक, नवा सेंडर फुगीर, वळवायला जागा नाही. त्यात आट्यांचा घोळ. जपानी इंजिनाला एक अष्टमांश इंचाचे ब्रिटिश पद्धतीचे निमुळते आटे, इंचाला २८. अमेरिकन दुकानात सहज मिळणाऱ्या त्याच मापाच्या जोडणीला इंचाला २७. पहिले दोन-तीन वेढे छान बसतात, मग अडकतं. तिथे जोर लावला तर बीडाच्या ब्लॉकचे आटेच जातात. शिवाय सेंडरला विजेची परतीची वाट, म्हणजे अर्थ, मिळते ती याच आट्यांतून. गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थ तुटू शकतो, आणि टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत शिरला तर ते त्याहून वाईट.

इतकं करूनही पहिल्या उन्हाळ्यात तापलेलं इंजिन सिग्नलला आलं आणि काटा शून्याशी टेकला. काकांनी जागच्या जागी इंजिन बंद केलं आणि गाडी ट्रकवर चढवून घरी आणली. मग सेंडर काढून त्याच जागी नळीचा यांत्रिक मापक लावला. दाब व्यवस्थित होता. बाहेरच्या बनावटीचा स्वस्त सेंडरच चुकीचं सांगत होता. मूळ बनावटीचा आणून बसवल्यावर काटा ताळ्यावर आला. ही गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, समाधानच होतं. मी मात्र विचारात पडलो. मधोमध बसलेला काटा खोटा म्हणून काढला, आणि खरा आणला तर तोही आधी खोटं बोलला.

तापमानाच्या काट्याचीही गत फार वेगळी नाही. या गाडीत रेडिएटरचा पंखा, डॅशवरची गेज आणि इंजिनाचा संगणक या तिघांचे तापमान मोजणारे अवयव तीन वेगळे. म्हणून काटा खाली पडला तरी इंजिन ठीक असू शकतं. पंख्याचा स्विच गेला तर संगणकाला सगळं कळत असूनही पंखा फिरत नाही. काकांचा नियम सरळ आहे: वायर आणि अर्थ आधी, सेंडर मग, गेज सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि चांगली गेज फेकून देतात.

सुटे भाग आता दुर्मिळ होत चालले आहेत. माझदाने २०१७ साली या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने उभ्या करण्याची सेवा जाहीर केली आणि काही भाग पुन्हा बनवायला घेतले, पण ती सेवा जपानातली. नोव्हायच्या काकांना भंगारवालाच जवळचा.

सगळ्यांनी हा उद्योग करावा असं मी म्हणणार नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याला नाचणारा काटा नकोच. मात्र आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ऑइल प्रेशरची गेज नसते, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा तेवढा असतो. उद्या किल्ली फिरवाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी तो लागतो का आणि सुरू झाल्यावर विझतो का, एवढं बघा. लागतच नसेल तर दिवा, वायर किंवा स्विच यांपैकी काहीतरी गेलं आहे. आणि चालत्या गाडीत तो लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायला जाऊ नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.