भिशी, लाटणं आणि ॲरिस्टॉटल

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात महिला मंडळ कुठून आलं, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. चाळीस वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. मुलुंडच्या आमच्या चाळीतलं मंडळ म्हणजे भजन, पाककृती आणि भिशी, एवढाच माझा समज. कॉलेजात मी मैत्रीवरचा ॲरिस्टॉटल शिकवायचे आणि घरी आईच्या मंडळाला हसायचे. आज ती चूक जाहीरपणे दुरुस्त करायची आहे.

आधी ॲरिस्टॉटल काय म्हणतो ते पाहू. 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथाच्या आठव्या आणि नवव्या भागात त्यानं मैत्रीचा विचार केलाय. तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. पहिली उपयोगाची, म्हणजे काम आहे तोवर ओळख. दुसरी आनंदाची, सहवास गोड वाटतो तोवर. तिसरी खरी मैत्री. तिथं आपण माणसाला त्याच्या चांगुलपणासाठी जवळ करतो. ती दुर्मीळ असते, कारण तिला वेळ लागतो आणि विश्वास अनुभवानंच येतो. मैत्री नगरांना एकत्र धरून ठेवते, असंही तो म्हणतो.

आता बघा, त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः होते ते स्वतंत्र नागरिक पुरुष. त्यांना भेटायला चौक होता. आमच्या उपनगरातल्या पुरुषांनाही लोकलचा ठरलेला डबा होता, नाका होता, ऑफिस होतं. पण लग्न करून मुलुंडला किंवा बोरिवलीला आलेल्या बाईचं काय? तिच्या मैत्रिणी माहेरी राहिल्या. इथं ती अमक्याची बायको, तमक्याची आई. 'जरा गप्पा मारून येते' असं सांगून घराबाहेर पडणं सोपं नव्हतं. 'भजन आहे' म्हटलं की मात्र कुणी अडवत नसे. मंडळ पहिल्यांदा देतं ते हे, बाहेर पडायला एक मान्य कारण. आणि तिथं तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारतात. ही गोष्ट लहान नाही, बरं का. पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा बायकांनी एकत्र जमणं हेच मोठं धाडस होतं.

आता भिशी. माझी आई विधवा झाली तेव्हा मी बी.ए.ला होते. त्या संक्रांतीपासून तिला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मंडळातली भिशी मात्र चालू राहिली. बारा बायका, दरमहा प्रत्येकी वीस रुपये, दर महिन्याला एकीला दोनशे चाळीस. हिशेब साधा आहे. पण विचार करा, जिला पहिल्या महिन्यात पैसे मिळाले, तिनं पुढचे अकरा महिने वीस रुपये भरत राहायचं. ना कागद, ना सही, ना जामीन. फक्त तिचा शब्द. आणि जिचा नंबर शेवटी, तिनं वर्षभर इतर अकराजणींवर विश्वास ठेवायचा.

माझ्या एम.ए.ची फी भरायची होती तेव्हा आईचा नंबर लांब होता. त्या महिन्याचे पैसे तरीही आईला मिळाले. ज्या बाईंचा नंबर होता त्या शिलाई मशीन घेणार होत्या. त्या थांबल्या. मला हे कळलं ते आई गेल्यावर, त्यांच्याच तोंडून, तेही बोलण्याच्या ओघात. आणि खरी गंमत पुढे आहे. आईला हळदीकुंकवाला बोलावणं ज्यांनी बंद केलं, त्यांत ह्याच बाई होत्या. रूढी आणि मैत्री एकाच माणसात शेजारी-शेजारी राहत होत्या. काही वर्षांनी एका संक्रांतीला त्यांनी आईला स्वतः येऊन नेलं आणि पहिलं वाण तिच्या हातात दिलं. भाषण नाही, ठराव नाही.

इथं मला ॲरिस्टॉटलशी थोडा वाद घालावासा वाटतो. उपयोगाची मैत्री त्यानं खालच्या पायरीवर ठेवली. पण खऱ्या मैत्रीला लागणारा वेळ आणि विश्वासाची परीक्षा, या दोन्ही गोष्टी आमच्या बायकांना भिशीनंच दिल्या. माणसाचं शील कळायला कधीकधी वीस रुपये पुरतात.

आणि ही मैत्री घरापुरती राहत नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. तिथं पापड लाटणारी बाई नोकर नसते, सहमालक असते. 1972 साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका तिच्यात एकत्र आल्या, आणि हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. अनोळखी माणसाच्या हाकेवर गृहिणी मोर्चाला जात नाही. शेजारीण येतेय म्हटल्यावर जाते. नगर एकत्र धरणारी मैत्री म्हणतात ती हीच.

मंडळात सगळं गोडच असतं असं मी म्हणत नाही. तिथं रुसवे-फुगवे आहेत, जात आहे, पैशाची उतरंड आहे. मंडळाचा हॉल झाडणारी बाई सभासद आहे का, हा प्रश्न आपण प्रत्येकीनं स्वतःला विचारावा. आईसाठी जे दार उशिरा उघडलं, ते आणखी कुणासाठी बंद आहे, हेही पाहावं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. भाड्याच्या घरांत पांगलेल्या बायका व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवतात, पण भिशीची ती खोली गेलेली असते. पुनर्विकासाच्या बैठकीत पार्किंगवर तासभर भांडण होतं. तुमच्या सोसायटीत अशी बैठक असेल तेव्हा एका बाईनं उठून विचारा, मंडळाला बसायला खोली कुठं आहे? कुणी हसलं तर हसू द्या. मीही एकेकाळी हसत होते.