स्वभाव आणि संस्कार: कन्फ्यूशियसचा वारसा

कन्फ्यूशियसने (इ. स. पू. 551–479) मनुष्यस्वभावाविषयी फारसे भाष्य केले नाही, माणसे जन्मतः परस्परांच्या निकट असतात व अभ्यासाने दुरावतात, एवढाच त्याचा अभिप्राय त्याच्या संवादसंग्रहात नमूद आहे, आणि पुढील सारा वाद त्यातूनच उद्भवला. त्याच्या परंपरेतील विचारवंत मेन्शियस याच्या मते स्वभाव मूलतः सत्प्रवृत्त; परंतु राजधानीलगतच्या ज्या न्यूशान डोंगरावरील वृक्ष रोज कुऱ्हाडीला बळी पडत आणि रात्रीच्या दवाने फुटलेले कोंभही गुरेमेंढरे फस्त करीत, तो बोडका पाहून येथे कधी अरण्यच नव्हते असा निवाडा देणे जसे गैर, तसेच दुर्वर्तनी मनुष्याला जन्मतःच दुष्ट ठरविणेही गैर, असे त्याचे प्रतिपादन. त्याच परंपरेतील श्युन्त्झूने नेमकी उलट बाजू घेतली: स्वभाव वाईटच, चांगुलपणा तेवढा प्रयत्नाने कमावलेला. त्याचे एक निरीक्षण मात्र मोठे मार्मिक आहे. भिन्न मुलुखांतील अर्भके एकाच सुरात रडतात, आणि मोठेपणी त्यांचे रीतिरिवाज निराळे होतात ते शिक्षणामुळे. गंमत अशी की, मुलावर चांगले संस्कार व्हावेत म्हणून स्मशानाजवळून बाजारालगत आणि तेथून पाठशाळेशेजारी बिऱ्हाड हलविणाऱ्या मेन्शियसच्या आईची जी कथा पुढे हान राजवंशाच्या काळात ग्रंथनिविष्ट झाली, ती मुलाच्या सिद्धान्तापेक्षा श्युन्त्झूच्याच पक्षाला अधिक सोयीची वाटते.