समजून घ्या : समुपदेशकाचं काम तपासायचं कुणी आणि कसं?

समजा, नेर तालुक्यातल्या एखाद्या गावात आशाताई घरभेटीला गेल्या आहेत. कपाशीची दुसरी वेचणी झाली आहे आणि घरातला कर्ता माणूस १५ दिवसांपासून धड जेवत नाही, रात्री अंगणात बसून राहतो. ताईंनी विचारलं तर म्हणतो, ‘‘मले काही सुचत नाही.’’ ताई त्याच्याशी अर्धा तास बोलतात, घरच्यांना चार गोष्टी सांगतात, वहीत नाव लिहितात आणि पुढच्या घरी जातात.

त्या अर्ध्या तासात ताई नेमकं काय बोलल्या, हे त्यांना नंतर कुणी विचारलं का? बोलण्यात काही राहून गेलं असेल तर ते कुणी दाखवून दिलं का? आणि त्या रात्री ताईंनाच झोप लागली नाही, तर त्यांनी कुणाला फोन करायचा? मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात या कामाला ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ म्हणतात. ग्रामीण भागात समुपदेशन पोहोचवण्याची चर्चा भरपूर होते, पण समुपदेशकाच्या पाठीशी कोण उभं राहणार, हा मुद्दा तिच्यात क्वचितच येतो.

सुपरव्हिजन म्हणजे काय?

‘पर्यवेक्षण’ म्हटलं की आपल्याला बोर्डाच्या परीक्षेत बाकांमधून फिरणारे सर आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे. अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ ठरलेल्या वेळी समुपदेशकाबरोबर बसतो आणि तिच्याकडे सध्या असलेल्या खऱ्या माणसांबद्दल, खऱ्या संभाषणांबद्दल बोलतो. १९२० मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचं पहिलं मोठं उपचार केंद्र सुरू झालं. तिथे शिकाऊ उपचारकानं अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखालीच रुग्ण पाहायचा, अशी पद्धत बसत गेली आणि पुढे ती जगभर पसरली. ब्रिटनमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात या कामाची मांडणी केली, ती आजही शिकवली जाते. तिच्यानुसार सुपरव्हायजर कामाची मर्यादा आणि दर्जा सांभाळतो, कौशल्य वाढवतो आणि काम करणाऱ्या माणसाला थकून कोलमडू देत नाही.

आपल्याकडच्या सरकारी रचनेत यातला पहिला भाग आहे, तोही बराचसा आकड्यांपुरता. किती भेटी झाल्या, किती नावं नोंदवली, अहवाल कधी पाठवला, हे विचारलं जातं. त्याची गरज आहेच, पण ती प्रशासकीय देखरेख झाली.

प्रशिक्षण दिलं की भागत नाही का?

नाही, आणि याचा पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेत विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या १४० परवानाधारक व्यावसायिकांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त कार्यशाळा मिळाली. काहींना त्यानंतर स्वतःच्या ध्वनिमुद्रित सत्रांवर अभिप्राय मिळाला, काहींना फोनवरून मार्गदर्शन, तर काहींना दोन्ही. फक्त कार्यशाळा केलेल्यांची कमाई काही महिन्यांत ओसरू लागली. समोरच्या माणसाच्या प्रतिसादात फरक दिसला तो अभिप्राय आणि मार्गदर्शन दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत.

दुसरा अभ्यास थोडा गमतीशीर आहे. २०१२ मध्ये १२९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं गेलं की, तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांत तुमचा क्रमांक कुठे लागतो? एकानंही स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवलं नाही. गणितात हे बसत नाही. पण त्यात लबाडी शोधण्याचं कारण नाही. बंद दाराआड एकट्यानं काम करणाऱ्याला आपलं कुठे चुकतंय हे दिसायला आरसाच नसतो. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी. सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या माझ्या वर्गमित्रांनी लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे जात नाही, मग तो साध्या बटणाच्या रंगाचा का असेना. ज्या खोलीत जिवाचा प्रश्न बोलला जातो तिथलं बोलणं मात्र कुणीच तपासत नाही, हे मला हा विषय वाचायला घेईपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

गोव्यात काय करून पाहिलं?

मराठी वाचकाला जवळचं आणि सगळ्यात उपयोगी उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, मानसिक आरोग्याची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्यावरच्या समुपदेशनासाठी तयार केलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांसोबत हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’नं हे निष्कर्ष छापले आणि बातम्या आल्या, ‘सामान्य माणूसही समुपदेशन करू शकतो.’

बातम्यांत मागे पडली ती सुपरव्हिजनची बाजू. हे समुपदेशक दर आठवड्याला गटात बसत. रुग्णाच्या संमतीनं ध्वनिमुद्रित केलेलं एखादं सत्र सगळे मिळून ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. रुग्णाचं म्हणणं नीट ऐकलं का, आजच्या भेटीत काय करायचं ते सुरुवातीला ठरवलं का, मागच्या वेळी दिलेला गृहपाठ विचारला का, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जात. चर्चेचं नेतृत्व समुपदेशकच करत. याशिवाय महिन्यातून दोनदा तज्ज्ञाबरोबर एकेकट्याची बैठक होई. तज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी दिलेले गुण ताडून पाहिले, तेव्हा ते बऱ्यापैकी जुळले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रत्येक बैठकीला मानसोपचारतज्ज्ञ लागतोच असं नाही. ऐकायला शिकलेला गट बराच भार उचलू शकतो आणि ज्या तालुक्यात तज्ज्ञच नाही, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आणि विदर्भात?

नेरला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्या वर मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापलेल्या पाहणीनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं.

राज्य सरकारनं २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. यवतमाळ त्यात आहे. आशा घरोघरी जाऊन तणावाची लक्षणं असलेल्यांना शोधतात आणि पुढे पाठवतात. त्यामुळे ओळखणारा माणूस गावात आहे. पुढे त्या माणसाशी काय बोलावं आणि बोललेलं बरोबर होतं का, हा प्रश्न उरतो.

चांगला सुपरव्हायजर काय करतो?

तो पहिल्याच बैठकीत अटी स्पष्ट करतो. किती वेळानं भेटायचं, नोंदी कोण ठेवणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडचणीच्या वेळी, रात्री ११ वाजता, कुणाचा फोन वाजणार. जिवाला धोका आहे असं वाटलं तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही, हे कागदावर लिहिलेलं हवं.

तो सांगोवांगीवर विसंबत नाही. ‘‘कसं चाललंय?’’ या प्रश्नाला ‘‘बरं चाललंय सर’’ हेच उत्तर येतं. रेकॉर्डिंग असेल तर तो ऐकतो, नसेल तर म्हणतो, ‘‘मी तो शेतकरी होतो, तुम्ही ताई. कालचं जसंच्या तसं करून दाखवा.’’ पाच मिनिटांत कळतं की ताईंनी तिसऱ्याच वाक्याला ‘‘टेन्शन नका घेऊ, सगळं होईल ठीक’’ म्हणून विषय बंद केला होता. प्रेमापोटीच केला होता. मग तो दहा चुका काढत बसत नाही, ही एकच धरतो आणि तेवढाच भाग पुन्हा करून घेतो.

जे विचारायचं राहिलं ते तो विचारतो. आपल्या भागात ‘औषध’ हा शब्द डॉक्टरच्या गोळ्यांसाठीही वापरतात आणि फवारणीच्या विषासाठीही. ‘‘घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय आणि ते काही दिवस दुसरीकडे हलवता येईल का, हे घरच्यांशी बोललात का?’’ हा प्रश्न समुपदेशकाला अवघड जातो, म्हणून सुपरव्हायजरनं तो आठवणीनं काढायचा असतो. मरणाबद्दल थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीतीही त्यानंच दूर करायची. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की विचारल्यानं आत्महत्येचा धोका वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

भाषेचंही भान लागतं. ‘‘जीव घाबरते’’, ‘‘घोर लागला’’ या बोलण्यातलं नैराश्य छापील प्रश्नावलीत सापडेलच असं नाही. शहरातून पडद्यावर भेटणाऱ्या तज्ज्ञानं इथे शिकवण्याआधी ताईंकडून शिकायला हवं. स्वतःचं कुठे चुकलं होतं हेही अधूनमधून सांगायला हवं. वरिष्ठच चूक कबूल करत नसेल तर खालचा माणूस कशाला करेल?

आणखी एक रेघ पुसट असते. समुपदेशक स्वतःच कोलमडली असेल, तिच्याच घरात कर्ज आणि नापिकी असेल, तर सुपरव्हायजरनं ते ऐकून घ्यावं, कामाचा भार कमी करावा, पण तिचा उपचारक होऊ नये. त्यासाठी तिला दुसरीकडे पाठवावं.

गोपनीयतेचं काय?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २३ नुसार आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा रुग्णाचा हक्क आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाला आधी संमती हवी, चर्चेत नाव-गाव नको. लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो; त्याच गावच्या दोघी गटात असतील तर ती केस तिथे चर्चेला घेऊच नये. आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर तर अजिबात नको.

नेरमध्ये हे कोण करेल?

नवी पदं येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर बरीच वर्षं जातील. साधारण २० आशांमागे एक गटप्रवर्तक असते, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोन्ही धरलेले आहेत. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून २४ तास सुरू आहे. ती त्रासात असलेल्या कुणासाठीही आहे, आशाताईंसाठीही.

प्राथमिक आरोग्य केंद्रावर आशांची मासिक बैठक होतेच. तिच्यातला एक तास अहवालांतून सोडवून घेता येईल. गोव्यासारखा गट, एक केस, गटप्रवर्तकाचं नेतृत्व आणि यवतमाळहून फोनवर एक तज्ज्ञ. मात्र हाच तास आधी गटप्रवर्तकांना शिकवावा लागेल, कारण ज्या आजवर ‘‘किती झाले?’’ विचारत आल्या त्यांनाच आता ‘‘काय बोललात?’’ विचारायचं आहे. शिवाय आशांचं बरंचसं उत्पन्न कामागणिक मोबदल्यावर चालतं. एका केसवर तासभर बोलण्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, हे आधी ठरलं नाही तर तो तास दुसऱ्याच महिन्यात अहवालांकडे परत जाईल.