मत कशाने बदलते?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हे सांगणे थोडे अवघड आहे. परंतु एखादे व्याख्यान ऐकून आपले राजकीय मत पालटले असे सांगणारा श्रोता विरळाच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपण ऐकत आहोत, आणि घरी जाताना वक्त्याचे जे पटले ते बहुधा आधीच पटलेले असते. मग मत बदलते तरी कशाने?

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी नावाचा परगणा आहे. १९४० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सहाशे मतदारांना महिन्यामहिन्याला गाठून प्रश्न विचारले. नभोवाणी, वृत्तपत्रे आणि सभा यांचा नुसता भडिमार चालू होता. तरीही एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरळ गेलेले लोक शंभरात आठच निघाले. सुमारे निम्म्यांचे मत तर मे महिन्यातच ठरले होते. ज्यांचे मत हलले त्यांच्या बाबतीत घरच्यांचे व शेजाऱ्यांचे बोलणे प्रचारापेक्षा अधिक उपयोगी पडलेले दिसले.

परंतु याहून बोलके उदाहरण व्हर्माँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजचे आहे. हे मुलींचे कॉलेज १९३२ साली निघाले. मुली बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, आणि वडील रिपब्लिकन पक्षाचे. अध्यापक मात्र तरुण आणि पुरोगामी; बाहेर मंदीने बेकारांच्या रांगा लावलेल्या. तेथेच शिकविणारे थिओडोर न्यूकम यांनी या मुलींच्या मतांची नोंद ठेवली. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी शेकडा ६२ जणी रिपब्लिकन लँडन यांच्या बाजूच्या होत्या. वरच्या दोन वर्गांत हे प्रमाण शेकडा १५ वर आले होते. आईवडील जेथे होते तेथेच राहिले.

हा युक्तिवादाचा विजय म्हणावा काय? न्यूकम यांना वेगळेच दिसले. ज्या मुली कॉलेजात रमल्या, मैत्रिणींत ज्यांना मान मिळाला, त्यांची मते सर्वांत अधिक सरकली. ज्यांचे मन घराकडेच ओढलेले होते त्यांची तशीच राहिली. व्याख्याने मात्र दोघींनी तीच ऐकली होती. मत सोडताना माणूस नुसता एक विचार सोडत नाही. आपली माणसे काय म्हणतील, हा प्रश्न पुढे उभा राहतो. नव्या मताबरोबर नवी आपली माणसे मिळत असतील तर तो प्रश्न सौम्य होतो.

यावर कोणी म्हणेल की ही मेंढरांची गोष्ट झाली. मला तसे वाटत नाही. पंचवीस वर्षांनी, १९६० नंतर, न्यूकम यांनी त्याच स्त्रियांना पुन्हा गाठले, तेव्हा बहुतेकींचे तरुणपणचे मत टिकलेले आढळले. मात्र येथेही संगत होतीच: त्यांचे पती आणि स्नेहीही त्याच मतांचे होते.

आपल्याकडे निवडणुकीच्या हंगामात मामा-भाच्याचे किंवा दोन भावांचे बोलणे बंद होते, ही गोष्ट मला म्हणूनच नुसत्या कडूपणापेक्षा अधिक वाईट वाटते. ज्या एका वाटेने मामांचे मत कधीकाळी हलले असते, ती वाटच भाचा बुजवून टाकतो. आणि मामाही तेच करतात.

परका माणूस मुळीच काही करू शकत नाही असेही नाही. २०१५ साली फ्लॉरिडातील मायामी येथे काही कार्यकर्ते घरोघर गेले. विषय होता पारलिंगी व्यक्तींचा, म्हणजे जन्मवेळी ठरलेल्या लिंगाहून वेगळी ओळख घेऊन जगणाऱ्या माणसांचा. डेव्हिड ब्रूकमन व जोशुआ काला या अभ्यासकांनी त्याचा परिणाम मोजला. कार्यकर्त्यांनी आकडे फेकले नाहीत, चुका काढल्या नाहीत. तुम्हांला कधी कोणी वेगळे समजून हिणवले होते काय, असे विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. तुलनेसाठी काही घरी टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराविषयी तेवढेच बोलणे झाले. पहिल्या प्रकारच्या घरांत पूर्वग्रह कमी झाल्याचे तीन महिन्यांनंतरही दिसले. प्रत्येक दारात गेलेला वेळ सुमारे दहा मिनिटांचा होता, आणि त्यातले बरेचसे बोलणे घरमालकाचे होते.