जनरलसाहेब, आमच्या बदलीचं काय झालं?

१४ जानेवारीचा माजी सैनिक दिन यंदाही रीतसर पार पडला. युद्धस्मारकांवर पुष्पचक्रं वाहिली गेली, वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिलं गेलं आणि आमदार-खासदारांनी आपापली भाषणं केली. हा दिवस याच तारखेला का, हेही सांगून झालं: १९५३ साली करिअप्पा, म्हणजे लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, याच दिवशी निवृत्त झाले. त्यापुढची गोष्ट मात्र व्यासपीठावरून सहसा कुणी सांगत नाही. याच करिअप्पांनी १९७१ साली ईशान्य मुंबईतून लोकसभा लढवली होती. शिवसेनेचा पाठिंबा होता. ते पडले.

इंदिराबाईंच्या लाटेत कोण टिकणार होतं, असं म्हणून तो पराभव सोडून देता येतो. मला तसं करवत नाही. देशातल्या सर्वांत मानाच्या सैनिकाला घाटकोपर-मुलुंडकडच्या मतदारानं मान दिला आणि मत दुसऱ्याला दिलं. मान आणि मत यांची गल्लत आपला मतदार फारशी करत नाही, करतात ते तिकीट वाटणारे.

उलटही घडलं आहे. कोकणात १९७१पासून राजापूर राखून असलेल्या मधु दंडवत्यांना १९९१मध्ये हरवलं ते लष्करातून आलेल्या सुधीर सावंतांनी. पुढच्याच निवडणुकीत, १९९६ला, सावंतांच्या जागी सुरेश प्रभू आले. प्राध्यापक, फौजी, मग चार्टर्ड अकाउंटंट. दक्षिण गोव्यात २०२४ला नौदलातले कॅप्टन विरियातो फर्नांडिस साडेतेरा हजारांच्या मताधिक्यानं जिंकले. त्याआधी २०२२ला विधानसभेला दाबोळीत ते हरले होते. वर्दी तीच, माणूस तोच, निकाल वेगळा. (जाता जाता: नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्करातला कॅप्टन बराच कनिष्ठ. आणि तमिळनाडूचे ‘कॅप्टन’ विजयकांत तर फौजेत नव्हतेच, एका सिनेमातल्या भूमिकेवरून ते नाव पडलं. प्रचाराच्या फलकावर हे सगळे कॅप्टन एकसारखेच दिसतात.)

तेव्हा फौजी उमेदवार निवडून येतो की नाही, हा प्रश्न मला फारसा रंजक वाटत नाही. निवडून आल्यावर सकाळी दारात लोक जमतात, तेव्हा तो काय करतो, हे बघण्यासारखं आहे. त्यासाठी मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरींची कारकीर्द उलगडून पाहावी. या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण आपल्याकडे नाही.

खंडूरी १९५४ ते १९९० लष्कराच्या इंजिनिअर कोअरमध्ये होते. म्हणजे सॅपर. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे पुणेकरांना हा शब्द नवा नाही. निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९९१ला, भाजपनं त्यांना गढवालमधून उभं केलं. हेमवतीनंदन बहुगुणांचा भाचा ही ओळखही गाठीशी होतीच. गढवाल मतदारसंघ बद्रीनाथ-केदारनाथपासून खाली कोटद्वारपर्यंत पसरलेला. मध्ये लॅन्सडाउन, गढवाल रायफल्सचं केंद्र. आपल्या साताऱ्यातलं अपशिंगे जसं ‘मिलिटरी’ लावूनच ओळखलं जातं, तशा गावांचा हा मुलूख. इथे जनरलला कुणी नवखा म्हणणार नाही. तरीही १९९६ला ते सतपाल महाराजांकडून हरले, मग १९९८, १९९९ आणि २००४ला जिंकले.

वाजपेयींनी २००० साली त्यांच्याकडे रस्ते वाहतूक खातं दिलं. सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर हे सॅपरच्या मनासारखं काम होतं: नकाशा आहे, टप्पे आहेत, तारीख आहे, आणि तारीख चुकली तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं आहे. पुण्याहून साताऱ्या-कोल्हापूरकडे जाताना आपण त्याच चतुष्कोनाच्या एका बाजूवरून जातो. त्या योजनेला काळी किनारही आहे. रस्त्यांच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३मध्ये गयेत हत्या झाली, ती याच काळात. पण मंत्री म्हणून खंडूरींचं नाव झालं ते कामाचा माणूस म्हणूनच, आणि ते योग्यच होतं.

मग २००७ला पक्षानं त्यांना उत्तराखंडचं मुख्यमंत्री केलं आणि खरी परीक्षा सुरू झाली.

सुरुवातच गमतीची होती. खंडूरी खासदार होते, त्यांना आमदारकी हवी होती. धुमाकोटची जागा रिकामी करून दिली ती काँग्रेसचे आमदार तेजपालसिंग रावत यांनी. रावत हे निवृत्त लेफ्टनंट जनरल. मेजर जनरलसाठी त्याच्याहून वरच्या लेफ्टनंट जनरलनं खुर्ची सोडावी हे फौजेत घडणं शक्य नाही. राजकारणात घडलं, आणि बदल्यात रावत भाजपतर्फे खंडूरींच्या सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर निवडूनही आले.

डोंगरी राज्यात लोकप्रतिनिधीच्या दारात सगळ्यांत जास्त काय मागितलं जातं? रस्ता, पाणी, शाळा हे भाषणात. प्रत्यक्षात बदली. उत्तराखंडच्या सरकारी भाषेत नेमणुकांचे दोन प्रकार आहेत, ‘सुगम’ आणि ‘दुर्गम’. शिक्षक, परिचारिका, तलाठ्याच्या जागचा पटवारी, प्रत्येकाला दुर्गममधून सुगममध्ये यायचं असतं, म्हणजे देहरादून, हरिद्वार, हल्द्वानी. मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्या आईचं डायलिसिस, नवरा एकीकडे बायको दुसरीकडे. कारणं खोटी नसतात. आणि आमदाराची पत या एकाच गोष्टीवर मोजली जाते: साहेबांनी फोन लावला तर काम होतं की नाही.

फौजी माणसाला हे कळत नाही असं नाही. उलट बदली म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण त्याच्या लेखी बदलीला पाळी असते. सियाचेनला सगळ्यांनीच जायचं, मग पीस स्टेशनही सगळ्यांना मिळायचं. खंडूरींनी २०११मध्ये बदल्यांसाठी कायदाच आणला. नियमानं, दरवर्षी, ठरल्या निकषांवर बदल्या. कागदावर निर्दोष. त्यातून आमदाराच्या हातातलं काय गेलं, याचा हिशेब मात्र त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी आधी केला असणार.

फौजेतल्या अधिकाऱ्याला लोकांची गाऱ्हाणी ऐकायची सवय नसते, हा समज साफ चुकीचा आहे. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर ‘दरबार’ भरवतो. सुभेदार मेजरकडून मुद्दे आधी गोळा झालेले असतात. मेसचं जेवण, सुट्टी, क्वार्टर. शिवाय गावाकडची भानगड असतेच. जवान सीमेवर असताना भावकीनं बांध कोरला, की सीओ त्याच्या जिल्हाधिकाऱ्याला पत्र लिहितो. अशी पत्रं वर्षानुवर्षं जात आली आहेत. म्हणजे आठशे माणसांच्या पलटणीची आमदारकी त्यानं आधीच केलेली असते. फरक इतकाच की तिथे मागणारा सावधानमध्ये उभा असतो, ‘नाही’ म्हटलं की ‘जी साब’ म्हणून जातो, आणि पाच वर्षांनी त्याला मत द्यायचं नसतं. लोकसभेच्या मतदारसंघात बारा-पंधरा लाख माणसं, सुभेदार मेजर नाही, आणि ‘नाही’ ऐकलेला माणूस पारावर बसून उरलेल्या चाळीस जणांना ते सांगतो.

पंजाबच्या अमरिंदरसिंगांचं काय झालं आठवा. जन्मभर ‘कॅप्टनसाहेब’ म्हणून मिरवले, शीख रेजिमेंटचा अभिमान, लष्करी इतिहासावर पुस्तकं. २०२१ला मुख्यमंत्रिपद गेलं तेव्हा त्यांच्याच आमदारांची ठळक तक्रार होती की साहेब भेटत नाहीत, फार्महाउसवर असतात. पुढच्या वर्षी पतियाळा शहराची जागाही गेली.

खंडूरींच्या वाट्याला याहून विचित्र शेवट आला. २००९ला राज्यातल्या लोकसभेच्या पाचही जागा भाजप हरला, त्यांना जावं लागलं. भ्रष्टाचाराच्या आरोपांनी पक्ष बेजार झाला तेव्हा सप्टेंबर २०११मध्ये त्यांना परत आणलं. दोन महिन्यांच्या आत त्यांनी लोकायुक्त विधेयक मंजूर करून घेतलं, मुख्यमंत्र्यालाही त्याच्या कक्षेत आणलं. अण्णा हजारेंनी कौतुक केलं. एका जनरलच्या कायद्याला लष्करातल्या एका माजी ड्रायव्हरची शाबासकी. राळेगणसिद्धीची ही बाजू त्या दिवसांत फारशी कुणी मांडली नाही. निवडणूक लागली तेव्हा घोषणा ठरली: ‘खंडूरी है जरूरी’.

मार्च २०१२चा निकाल: ७० जागांत काँग्रेस ३२, भाजप ३१. एका जागेचा फरक. आणि कोटद्वारमध्ये खुद्द खंडूरी पाच हजारांहून कमी मतांनी पडलेले, सुरेंद्रसिंग नेगींकडून. ज्याच्या नावावर पक्ष सावरला, तोच पडला. मुख्यमंत्री झाले काँग्रेसचे विजय बहुगुणा, खंडूरींचे मामेभाऊ. लोकायुक्ताचा तो कायदा पुढे दोन वर्षांत गुंडाळला गेला.

कोटद्वारला अंतर्गत घात झाला असं तेव्हा बोललं गेलं. झालाही असेल. पण राज्यभरात ‘जरूरी’ वाटणारा माणूस स्वतःच्या मतदारसंघात तितका जरूरी का वाटू नये, याचं उत्तर माझ्या मते घातापेक्षा साधं आहे. राज्याला कडक मुख्यमंत्री चालतो. कोटद्वारला फोन लावणारा आमदार लागतो.

फौजी लोकप्रतिनिधीची एक हक्काची मतपेढी मात्र असते, ती म्हणजे माजी सैनिक. त्यांची कामं त्याला इतरांपेक्षा जास्त समजतात, हे मान्य करायलाच हवं. नमुना घ्या. नवरा हवालदार होता, वारला. निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, विधवेचं माहेरचं लाडकं नाव, आधारवर सासरचं. कारण लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली तेव्हा युनिटच्या कारकुनानं कानावर पडलं तसं टाइप केलं. आता निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ प्रणालीवर दोन्ही नावं जुळत नाहीत आणि कुटुंब निवृत्तिवेतन अडलंय. ती डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येते. साध्या आमदाराचा स्वीय सहायक ते उघडून उलटं धरतो. फौजेतून आलेल्याला मात्र कळतं की हे काम जिल्हाधिकाऱ्याकडचं नाही, रेकॉर्ड ऑफिसचं आहे, आणि पत्रात सर्व्हिस नंबर पहिल्या ओळीत लागतो. अशा कामासाठी खासदार माजी सैनिक असणं शंभर टक्के उपयोगाचं. पण मतदारसंघात असे किती? उरलेल्यांना रॉकेलच्या जागी आलेला गॅस, पीकविमा आणि पोराची नोकरी हवी असते.

मग फौजी खासदाराची खरी गरज कुठे? माझं उत्तर: संसदीय समितीत. तिथे कॅमेरा नसतो, पक्षादेश नसतो, आणि समोर बसलेला उपलष्करप्रमुख आकडे देतो तेव्हा ते कळणारा माणूस लागतो. खंडूरी २०१४ला गढवालमधून पुन्हा खासदार झाले आणि संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष बनले. मार्च २०१८मध्ये समितीनं अहवाल दिला. उपलष्करप्रमुखांची साक्ष त्यात होती: लष्कराच्या साधनसामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू काळाची, फक्त ८ टक्के अद्ययावत. आधीच करार झालेल्या खरेदीचे हप्तेच २९,०३३ कोटींचे, हातात २१,३३८ कोटी. सत्ताधारी पक्षाच्या खासदारानं आपल्याच सरकारच्या काळात हे छापून आणलं. अधिकाऱ्याला साजेसं दुसरं काय असतं?

त्याच वर्षी सप्टेंबरात समितीचं अध्यक्षपद कलराज मिश्रांकडे गेलं. समित्या दरवर्षी नव्यानं नेमल्या जातात, हे खरं. विरोधकांनी अर्थ लावायचा तो लावला.

पुढच्या वर्षी खंडूरी उभे राहिले नाहीत. त्यांचे चिरंजीव मनीष गढवालमधून काँग्रेसतर्फे उभे राहिले, समोर वडिलांच्याच तालमीत वाढलेले तीरथसिंग रावत. ११ एप्रिल २०१९ला मतदान झालं, बालाकोटनंतर जेमतेम दीड महिन्यानं. देशभर प्रचार सैन्याच्या पराक्रमावर चालला होता, आणि घरटी फौजी असलेल्या या मतदारसंघात ६८ टक्क्यांचा अहवाल काढणाऱ्या जनरलचा मुलगा तीन लाखांहून अधिक मतांनी हरला. २०२४ला तोही भाजपमध्ये गेला.