पदवीनंतरचे एक वर्ष : वाया की कामी?

मंडळी, बायॉलॉजीची पदवी हातात पडल्यावर मुलांनी "मेडिकलआधी एक वर्ष फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो" म्हटले, की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो : वर्ष फुकट गेले तर?

अशा वेळी आम्हांला कमला भागवत आठवतात. मुंबईची बी.एस्सी. होऊन १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी एक वर्ष चाचणीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले, आणि वर्षाअखेर रामन यांचे मत बदलले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. झाली. याच पुढे डॉ. कमला सोहोनी.

ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या पदवीनंतर 'ऑनर्स'चे वर्ष वेगळे असते. इथे अमेरिकेत ऑनर्सचा प्रबंध बहुधा पदवीतच होतो; नंतरचे वर्ष म्हणजे लॅबमधली नोकरी. आयसेलिनहून रटगर्सच्या प्रयोगशाळा जवळच आहेत. 'हो' म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : पगार किती, शिकवणार कोण, आणि स्वतःचा असा प्रश्न सोडवायला मिळेल का? नुसत्या टेस्टट्यूब धुण्यात वर्ष जाऊ नये. एच-४ व्हिसावरील मुलांनी आधी वकिलाला विचारावे. २१ वर्षे पूर्ण होताच तो आधार सुटतो.

अर्ज लिहिताना अडलात, तर मंडळाच्या कार्यक्रमात आम्हांला जरूर गाठा. चहा घेता घेता वाचून देऊ.